गोल्डफिश कुणामुळे मेला?

दोस्तांनो, या आठवड्यात खरं तर पावसाळी बेडकांबद्दल लिहायचं ठरलं होतं. मागच्या अंकात तसं कबूलही केलं होतं. पण मधेच एक पत्र आलं आणि बेडकांना म्हटलं, बाबांनो, जरा दमानं घ्या. तुमचं डराँव डराँव काय, अजून दोन महिने ऐकू येणारच आहे!

पत्र सातवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत, म्हणून नाव सांगत नाही. पत्र मात्र तिच्या परवानगीनं देतो.

‘ती. काकांना सा. न. माझ्या वाढदिवसाला बाबांनी दोन गोल्डफिश आणले. गोल काचेचं भांडं, रंगीत खडी आणि दाण्यांची डबी असं सगळं एकदम आणलं. दुकानदारकाका म्हणाले, ह्यांचं काही करावं लागत नाही, आठवड्यातून एकदा पाणी बदला, बास. आम्ही सातव्या दिवशी पाणी बदललं आणि आठव्या दिवशी एक मासा मेला. बाबा म्हणतात, दुकानदारानं आजारी मासा गळ्यात मारला. दुकानदारकाका म्हणतात, तुमच्या मुलीनं खाणं जास्त घातलं असणार. दादा म्हणतो, तूच मारलास. आजी म्हणते, बरं झालं, घरावरचं संकट माशावर गेलं. काका, खरं कोण बोलतंय? मी खरंच मारला का? दुसरा मासा सारखा वर येऊन तोंड उघडतोय.’

पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि मी आधी फोन शोधला. तुमच्या पत्राचं उत्तर छापून अंक तुमच्या हातात पडेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. वर येऊन तोंड उघडणाऱ्या माशाला तेवढी सवड नसते. पत्राखाली बाबांचा नंबर होता. त्याच संध्याकाळी मी फोन लावला. काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी त्या गेलेल्या माशाची चौकशी करू. पोलीस करतात ना, अगदी तशी.

चौकशीची सुरुवात जागेपासून. दादाला म्हटलं, एक लिटरची बाटली घे आणि तसंच दुसरं एखादं भांडं भरून मोज, मासा असलेल्या भांड्यात किती पाणी मावतं ते सांग. तो पाच मिनिटांनी आला. साडेतीन बाटल्या! म्हणजे साडेतीन लिटर पाण्यात दोन गोल्डफिश. आपण अंघोळीला घेतो त्या बादलीत याच्या चौपट-पाचपट पाणी असतं.

आता त्या साडेतीन लिटरमध्ये काय चाललं होतं? मासा खातो, श्वास घेतो आणि त्याच्या शरीरातून अमोनिया नावाचा पदार्थ बाहेर पडतो. बराचसा तर कल्ल्यांमधूनच पडतो. त्याची विष्ठा कुजते, न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया पाण्यात दिसत नाही. भांडं अगदी नितळ, चकाचक दिसत असतं आणि माशाचे कल्ले आतून भाजत असतात. कल्ले भाजले की श्वास पुरत नाही. मग मासा वर येऊन तोंड उघडतो. आपण म्हणतो, बघा बघा, खाऊ मागतोय! आणि आणखी चार दाणे टाकतो.

मग नदीत, तळ्यात मासे कसे जगतात? एक तर तिथं पाणी भरपूर असतं. दुसरं म्हणजे तिथं सफाई कामगार असतात. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. त्यांतले काही अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात असलं तर मासे सहन करतात आणि पाणवनस्पती ते चक्क खत म्हणून वापरतात. असे जिवाणू असतात हे सर्गेई विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. म्हणजे ही काही कालची नवी बातमी नाही.

हे जिवाणू नव्या भांड्यात नसतात. ते हळूहळू येतात, खडीवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आई दुधाला विरजण लावते ते आठवा. विरजण न लावता दूध नुसतं ठेवलं तर दही लागेल का? ते नासेल. नवीन भांडं म्हणजे विरजण न लावलेलं दूध. त्यात पहिल्याच दिवशी दोन मासे टाकले की पाणी नासणारच. आणि तसंच झालं.

पण चौकशी इथं संपली नाही. सातव्या दिवशी काय झालं, असं मी विचारलं. तेव्हा फोनवर जरा शांतता. मग आई आल्या. त्यांनी सगळं पाणी ओतून दिलं होतं, खडी आणि भांडं भांडी घासायच्या पावडरीनं लखलखीत घासलं होतं, नळाखाली धरून भरलं होतं आणि मासे परत सोडले होते. आपल्या घरात स्वच्छता अशीच करतात, त्यांचं काय चुकलं? पण माशाच्या दृष्टीनं बघा. आठवडाभरात जी काही थोडी वस्ती जमली होती ती पावडरीनं गेली. पावडरीचा अंश खडीत राहिला. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाण्यातले जंतू मरावेत म्हणून नगरपालिका ते घालते, ते आपल्यासाठी चांगलंच आहे. पण माशाचे कल्ले अगदी नाजूक, त्यांना ते सोसत नाही. त्यात पाणी एकदम बदललं, गार-कोमट फरक पडला. आठ दिवस अर्धमेला झालेला जीव, त्यावर हा घाव.

राहिलं खाणं. ‘किती वेळा घालायचीस?’ असं विचारलं तर म्हणाली, ‘पाच-सहा वेळा. मी गेले की तो काचेपाशी यायचा ना, काका!’ आता यात एक गंमत सांगतो. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची असते असं कुणीतरी सोडून दिलंय आणि ते सगळीकडे फिरतंय. साफ खोटं आहे. कोण खाऊ घालतं, किती वाजता घालतं हे गोल्डफिश आठवणीत ठेवतात. रोज एकाच वेळी खाऊ घातला तर आधीच येऊन थांबतात, तुम्ही स्वतः करून बघू शकता. म्हणजे तो तिला ओळखायला लागला होता, हे खरंच होतं. पण गोल्डफिशला आपल्यासारखं जठर नसतं, एका वेळी भरपूर खाऊन साठवायची सोय नाही. दोन मिनिटांत संपेल इतकंच द्यायचं, दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

‘डबीवर काही लिहिलंय का गं?’ म्हटलं. ती डबी घेऊन आली. बारीक अक्षरांत नेमकं हेच छापलेलं होतं.

तर आता सगळे साक्षीदार झाले. निकाल द्यायची वेळ आली. मी शाळेतला माणूस, त्यामुळे गुण देण्याची खोड जात नाही. चुकीचे एकूण दहा गुण धरू. त्यांतले पाच मी दुकानदाराला देतो, चार घरातल्या मोठ्या माणसांना आणि एक तुला.

बघ, शून्य दिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण तू पत्रात सरळ विचारलंस, ‘मी खरंच मारला का?’ मग उत्तरही सरळ द्यायला हवं. डबी तुझ्या हातात होती आणि तू ती वाचली नाहीस. तेवढा एक गुण तुझा. मारला मात्र तू नाहीस. तू एक दाणाही जास्त घातला नसतास तरी साडेतीन लिटरमध्ये ते दोघं फार दिवस टिकले नसते. दादाला हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखव.

मोठ्यांना चार का? ‘काही करावं लागत नाही’ हे वाक्य त्यांनी ऐकलं आणि त्यांना ते आवडलं, म्हणून. पालकहो, रागावू नका. घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं म्हटलं तर आपण दहा जणांना विचारतो, खाणं काय, इंजेक्शनं कधी, गावाला गेलो तर कुणाकडे ठेवायचं. मिक्सर आणायचा तर चार दुकानं पालथी घालतो. मासा मात्र भेळेच्या पुडीसारखा पिशवीत घालून घरी आणतो. तो ओरडत नाही, चावत नाही, चटईवर शी करत नाही, एवढ्यावरूनच तो सोपा असं आपण ठरवलेलं असतं.

आणि आजींना तर काय म्हणू! त्यांचं म्हणणं अनेक घरांत ऐकू येतं, मासा मेला की संकट टळलं. मला त्यांचा आदर आहे, पण या समजुतीनं एक घोटाळा होतो. मासा का मेला हे कुणी शोधतच नाही. उलट पुढच्या आठवड्यात आणखी दोन मासे त्याच पाण्यात येऊन पडतात, पुढची संकटं घ्यायला.

आता दुकानदाराला पाच गुण का? इथं मला माझीच एक जुनी फजिती सांगावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन फुटी टँक होता. दहा मासे, वर्षभर छान चाललं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला हुरूप आला. फिल्टरचा स्पंज काळपट, बुळबुळीत झाला होता, तो मी नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. आठवड्याभरात दहांपैकी सहा मासे गेले. मी तणतणत दुकानात गेलो. तुमचं खाणंच खराब, तुमचं औषधच खराब, असं बरंच काही बोललो. मालकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “साहेब, स्पंज कशात धुतलात?”

मी म्हटलं, “नळाखाली.”

“मग बरोबर. सगळं विरजण धुऊन टाकलंत. स्पंज टँकमधल्याच पाण्यात हलवून घ्यायचा असतो, काढलेल्या बादलीत.”

विरजण हा शब्द मी त्यांच्याकडूनच उचललाय, हे कबूल करतो. पण त्या दिवशी माझा पारा आणखी चढला. म्हटलं, “अहो, हे तुम्हाला माहीत होतं, तर टँक विकताना का नाही सांगितलंत?”

ते म्हणाले, “तुम्ही विचारलंत का?”

या प्रश्नावर मी अजून विचार करतोय. पुढे त्यांची माझी ओळख झाली आणि ते मोकळेपणानं बोलायला लागले. म्हणाले, रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, कडेवर पोरगं, पोरगं रडत असतं, त्याला आत्ताच्या आत्ता मासा हवा. मी जर म्हटलं, आज नुसता टँक न्या, पाणी भरून ठेवा आणि महिन्यानं मासे न्यायला या, तर ते काय करेल? चार दुकानं सोडून पलीकडे जाईल. तिथं त्याला गोल भांडं आणि दोन मासे हसत हसत मिळतील. माझा धंदा गेला आणि मासे मरायचे ते मेलेच.

यात खोटं काही नाही. दुकानाचं भाडं, दिवसभर चालणाऱ्या पंपांचं वीजबिल, नोकराचा पगार, सगळं त्या माशांवरच निघतं. शिवाय दुकानात येतात तेव्हाच मासे दमलेले असतात. आपल्याकडच्या शोभेच्या माशांचं मोठं उत्पादन चेन्नईजवळच्या कोळत्तूरला आणि कोलकाता-हावड्याच्या बाजूला होतं. तिथून ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थोडं पाणी, वर प्राणवायू, अशा थाटात खोक्यांतून येतात. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून आधी उपाशी ठेवलेले असतात. तेव्हा बाबा म्हणतात त्यातही तथ्य असू शकतं. म्हणून एक युक्ती ध्यानात ठेवा. बाजारातला बोंबील ताजा हवा, पण दुकानातला गोल्डफिश शिळा हवा! ‘कालच माल आलाय’ असं दुकानदार कौतुकानं म्हणाला तर आठवड्यानं परत जा. तोवर जे टिकले, खायला लागले, तेच घ्या.

हे सगळं मान्य करूनही मी त्यांचे पाचातला एक गुणही कमी करत नाही. कारण दोघांपैकी एकालाच माहीत होतं. गिऱ्हाइकाला प्रश्न पडायलासुद्धा आधी थोडं ठाऊक असावं लागतं. स्पंज धुतला तर मासे मरतात हे ज्याला स्वप्नातही नाही, तो ‘स्पंज कसा धुऊ?’ हे विचारणार कसा? औषधवाला गोळ्या देताना ‘जेवणानंतर घ्या’ असं आपण न विचारता सांगतो की नाही? आणि इथं तर नुसतं गप्प राहणं नव्हतं, ‘काही करावं लागत नाही’ असं स्वच्छ खोटं सांगितलेलं आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. त्यात प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव प्राणी, म्हणजे मासाही आला. नीट हालचाल करता येणार नाही अशा लहान पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणं हाही त्या कायद्यानं गुन्हा आहे. पिंजऱ्यातला पोपट बघून आपण हळहळतो, साडेतीन लिटरच्या भांड्याकडे बघून ‘कित्ती गोड’ म्हणतो. इटलीत मोंझा या गावानं २००४ मध्ये आणि रोम शहरानं २००५ मध्ये गोल भांड्यांत गोल्डफिश ठेवायला बंदी केली. इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्यानं सोळा वर्षांखालच्या मुलाला पाळीव प्राणी विकताच येत नाही. तिथं तुम्ही एकटे दुकानात गेलात तर तुम्हाला गोल्डफिश मिळणारच नाही! हे ऐकून तुम्हाला राग येईल. पण यामागचा विचार मला पटतो. मुलाच्या हट्टासाठी आणलेल्या जिवाची जबाबदारी मोठ्या माणसाच्या नावावर लिहिलेली असावी, असं ते म्हणतात.

त्याच इंग्लंडमधली ही गोष्ट. टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ मध्ये एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता. किती जगला असेल? १९९९ मध्ये गेला, ४३ वर्षांचा होऊन! सगळेच एवढे जगत नाहीत, पण नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. आणि बोटाएवढा राहत नाही, वीतभर होतो. ‘भांड्याएवढाच वाढतो’ असं दुकानात सांगतात ना, ते खुरटणं असतं. लहान भांड्यातल्या घाण पाण्यात तो वाढू शकत नाही आणि वाढायच्या आधीच मरतो.

असाच अर्धवट खऱ्याचा धंदा फायटर माशाचा चालतो. छोट्या बाटलीत एकेक फायटर ओळीनं मांडलेले तुम्ही पाहिले असतील. दुकानदार म्हणतो, ह्याला पाणी लागतच नाही. हा मासा थायलंडकडचा, तिथल्या भातखाचरांत, उथळ डबक्यांत राहणारा. २०१९ मध्ये थायलंडनं त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याला एक खास अवयव असतो, त्यानं तो वरची हवासुद्धा श्वासात घेऊ शकतो. म्हणून बाटलीत इतर मासे मरतील तिथं तो तग धरतो. तग धरतो, एवढंच. दोन नर एकत्र ठेवले तर जिवावर उठतात म्हणून वेगळे ठेवायचे हे खरं, पण वेगळं म्हणजे बाटलीत नव्हे. पंधरा-वीस लिटरची जागा दिलीत तर तोच फायटर तुम्हाला ओळखू येणार नाही, असा डौलात फिरतो.

आणि तो काळा सकर! ‘टँक साफ करणारा मासा’ म्हणून दोन इंचांचा देतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो दीड फुटापर्यंत वाढतो आणि स्वतःच एवढी घाण करतो की त्याच्यासाठी सफाई कामगार शोधावा लागेल. मग घरात मावेनासा झाला की लोक त्याला तलावात सोडून येतात. आपल्या देशात बऱ्याच नद्या-तलावांत तो आता पसरलाय. कोळी बांधवांच्या जाळ्यात येतो, काटेरी अंगानं जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या मैत्रिणीच्या दादानं फोनवर शेवटी हेच विचारलं, ‘काका, दुसरा मासा तलावात सोडून देऊ का? मोकळा तरी होईल.’ त्याचा हेतू चांगला होता. पण गोल्डफिश हा माणसानं चीनमध्ये हजारेक वर्षं निवडून निवडून तयार केलेला मासा. भडक केशरी रंग, लपायची अक्कल कमी. तलावात बगळ्याला किंवा खंड्याला तो दुरूनच दिसणार. आणि समजा वाचला, वाढला, तर तळ ढवळून आपल्या गावठी माशांची अंडी आणि वनस्पती खाणार. बाहेरच्या कित्येक देशांत सोडून दिलेल्या गोल्डफिशनी अशी तळी बिघडवली आहेत. तलावात नको, विहिरीत नको, ओढ्यात तर नकोच. सांभाळणं जमणारच नसेल तर ज्याच्याकडे मोठा टँक आहे अशा माणसाला द्यायचा, किंवा त्याच दुकानात परत न्यायचा. चांगले दुकानदार घेतात.

आता फोनवर मी काय सांगितलं ते. घरात कुणाकडेही मासा तोंड उघडून वर येत असेल तर कात्रण काढून ठेवा.

दोन दिवस खाणं बंद. उपाशी मरणार नाही, काळजी नको. साबण न लागलेला मोठा टब बघायचा, चाळीस-पन्नास लिटरचा. नळाचं पाणी उघड्या बादल्यांत चोवीस तास ठेवायचं म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, ते आधी टाकायचे. मासा एकदम नव्या पाण्यात उपडा करायचा नाही. पिशवीत किंवा डब्यात घेऊन टबात तरंगत ठेवायचा आणि पाव तासभर थोडं थोडं नवं पाणी त्यात मिसळत राहायचं. हवेचा पंप लावायचा. पंप नसेल, वीज गेली असेल, तर तांब्यानं पाणी उचलून जरा उंचावरून धार सोडायची. उन्हाळ्यात हे फार उपयोगी पडतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मग रोज पाव हिस्सा पाणी काढून साठवलेलं पाणी घालायचं. सगळं कधीच नाही.

आणि विरजण शोधायचं! ज्याच्याकडे वर्षभर चाललेला, निरोगी माशांचा टँक आहे त्याच्याकडून फिल्टरच्या जुन्या स्पंजाचा तुकडा मागून आणायचा, ओलाच, त्यांच्याच पाण्यातून. तो आपल्या फिल्टरमध्ये बसवला की सहा आठवड्यांचं काम खूप लवकर होतं. नव्यानं मासे पाळायचे असतील तर आधी टँक, मग पाणी, मग विरजण आणि मासे सगळ्यांत शेवटी.

टँक किती मोठा? दोन गोल्डफिशना निदान शंभर लिटर. गणित करू. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि हजारानं भागा. पाऊण मीटर लांब, ३८ सेंमी रुंद, ३८ सेंमी उंच म्हणजे ७५ गुणिले ३८ गुणिले ३८, भागिले १०००. उत्तर १०८ लिटर. पण थांबा, १०८ लिटर पाणी म्हणजे १०८ किलो वजन! त्यात काच आणि खडी वेगळी. टीव्हीच्या नाजूक स्टँडवर ठेवलात तर सकाळी मासे आणि स्टँड दोन्ही जमिनीवर. जागा नसेल, एवढा खर्च झेपत नसेल, तर गोल्डफिश आणू नका. साठ लिटरच्या टँकमध्ये सात-आठ गप्पी मजेत राहतात. तेवढंही जमत नसेल तर मित्राकडचे बघायला जा, त्यांना खाऊ घालायचा एक दिवस मागून घ्या.

दुकानात गेलात की एवढं मात्र विचारा, मोठ्यानं विचारा: हा मासा पूर्ण वाढला की केवढा होतो? किती वर्षं जगतो? दुकानात येऊन किती दिवस झाले? आज टँक नेला तर मासे कधी नेऊ? शेवटच्या प्रश्नाला जो ‘आत्ताच न्या की’ म्हणेल त्याला नमस्कार करून बाहेर पडा. पाच-पन्नास गिऱ्हाइकं असा नमस्कार करायला लागली, तर रविवारी संध्याकाळी चार दुकानं पलीकडे जाणाऱ्या त्या बाप्याची गोष्टच बदलेल. माझ्या ओळखीच्या मालकांनी अलीकडे दुकानात पाटी लावलीय, ‘गोल भांडं मिळणार नाही.’ गिऱ्हाईक कमी झालं का विचारलं तर म्हणाले, पहिले चार महिने झालं.

दुसऱ्या माशाचं काय झालं? परवा फोन आला होता. टब मोरीत आहे आणि त्यावरून आईंची रोज कुरकुर चालू आहे. बाबांच्या कचेरीतल्या एकांकडून स्पंजाचा तुकडा मिळाला. दादा रोज रात्री बादली भरून ठेवतो, सांगावं लागत नाही. माशाच्या शेपटीच्या कडेला तांबड्या शिरा दिसत होत्या, त्या फिकट झाल्यात. आता तो तळाशी फिरतो, खडी तोंडात घेऊन थुंकतो. गोल्डफिशनं खडी थुंकणं ही फार चांगली बातमी असते! बाबा त्या वेळी फोनवर येऊ शकले नाहीत. ते खाली सुताराकडे गेले होते, एकशेआठ किलो पेलेल असं टेबल किती दिवसांत होईल ते विचारायला.

पुढच्या अंकात बेडूक. या वेळी नक्की.